घागरा पलटण

आमच्या होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर रात्री आठनंतर पँट घातलेला माणूस दिसला, तर तीनच शक्यता असतात. एक तर तो पाहुणा असतो, नाहीतर रेक्टर सर फेरी मारायला आलेले असतात, किंवा मग त्याचा दुसऱ्या दिवशी कॅम्पस इंटरव्ह्यू असतो आणि तो पँटची सवय करून घेत असतो. बाकी सगळा मजला लुंगीत. तळमजल्यावर फर्स्ट इयरची पोरं बर्म्युडा घालून फिरतात. त्यांना अजून जळगावचा एप्रिल माहीत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला आणि गच्चीवरची टाकी गिझरसारखी तापली, की तेही फुले मार्केटचा रस्ता धरतात.

आणि लुंगी म्हटलं की नावं आलीच. आमच्या मजल्यावर लुंगीला लुंगी कोणी म्हणत नाही. मेकॅनिकलवाल्यांच्या भाषेत दोन टोकं जोडून शिवलेली लुंगी म्हणजे 'सिलिंडर', आणि न शिवलेली, सरळ दोन मीटरची, ती 'प्लेट'. गुडघ्यापर्यंत दुमडून खोचली की इलेक्ट्रिकलवाले तिला 'हाफ वेव्ह' म्हणतात. सिव्हिलवाल्यांनी लेव्हल ठरवून दिल्यात: घोट्यापर्यंत असेल तर प्लिंथ, गुडघ्यापर्यंत सिल, त्याच्या वर लिंटेल. लिंटेलच्या वर बांधकामाला परवानगी नाही. कॉम्प्युटरवाले तिला 'ओपन सोर्स' म्हणतात. का, ते विचारू नये. फाटून फाटून जी शेवटी टेबल पुसायला उरते ती 'बॅकलॉग', कारण ती काही केल्या संपत नाही.

नवीन पोरांचा नेहमीचा प्रश्न असतो, की सुटत कशी नाही? मित्रांनो, याचं उत्तर थिअरी ऑफ मशीन्समध्ये आहे. बेल्ट ड्राइव्हचं सूत्र आठवा. पुलीवर पट्टा जितक्या जास्त कोनातून गुंडाळलेला, तितका एका टोकाचा थोडासा ताण दुसऱ्या टोकाच्या भरपूर ताणाला धरून ठेवतो, आणि तो भराभर वाढत जातो, कारण सूत्रात कोन घातांकात बसलाय. बंदरावरचा खलाशी दोराचे चार वेढे खांबाला देऊन अख्खं जहाज एका हाताने धरतो ते याच जोरावर. लुंगीलाही नाडी नाही, बटण नाही, चेन नाही. एक वेढा, वर एक आडवी गुंडाळी, आणि घर्षण. फक्त कोऱ्या लुंगीला गिरणीची खळ असते, ती घसरते. म्हणून नवी लुंगी दोनदा धुतल्याशिवाय मेसच्या लायनीत उभं राहू नये. हा नियम कसा तयार झाला ते इथे छापता येणार नाही.

अशा नावांचा नाद फक्त आपल्याला आहे असं मला वाटायचं. पण स्कॉटलंडच्या किल्टबद्दल वाचायला लागलो आणि कळलं की तिथेही आमच्यासारखीच मंडळी आहेत. किल्ट म्हणजे ते पुरुषांचं चौकड्याचं, मागे चुण्या असलेलं, गुडघ्यापर्यंतचं वस्त्र. हल्ली हलक्या कापडाचे, कमी घेराचे, खिशाचेसुद्धा किल्ट मिळतात. अमेरिकेत सिएटलला २००० साली एका कंपनीने सरळ कामगारांच्या पँटसारखे खिसे लावून किल्ट विकायला सुरुवात केली. पण जुन्या वळणाच्या शौकिनांना हवा असतो तो जाड लोकरीचा, हाताने शिवलेला, आठ वारी किल्ट. त्याला ते लाडाने 'टँक' म्हणतात. रणगाडाच तो. जड, न फाटणारा, वाऱ्याला दाद न देणारा.

आठ वार म्हणजे किती? आपल्या आज्यांच्या हिशोबाने दोन हातांचा एक वार, म्हणजे सोळा हात. जुन्या बायका 'सोळा हाती लुगडं' म्हणतात ते नेमकं हेच माप. आणि नऊवारी म्हणजे अठरा हात. म्हणजे स्कॉटिश पुरुषाच्या कमरेभोवती जेवढं कापड असतं, त्याहून एक वार जास्त नेसून आमची आजी निंदणीला, वेचणीला जायची. तिने त्याला रणगाडा वगैरे कधी म्हटलं नाही. फरक इतकाच की त्यांच्या निऱ्या मागे आणि शिवून पक्क्या केलेल्या, आपल्या निऱ्या पुढे आणि रोज नव्याने घातलेल्या.

या टँकवाल्यांच्या समोर एक शब्द मात्र उच्चारायचा नाही. स्कर्ट. आपसात रणगाडा म्हणतील, आणखी काहीबाही म्हणतील, पण बाहेरच्याने स्कर्ट म्हटलं की चेहरा बदलतो. त्यामागे इतिहास आहे. १७४५ च्या उठावात हायलँडर बंडखोर इंग्रज राजाविरुद्ध उठले, पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये कलोडनला त्यांचा पाडाव झाला, आणि मग पार्लमेंटने कायदाच केला की स्कॉटलंडमध्ये सैन्याबाहेरच्या कुठल्याही पुरुषाने हा डोंगराळ पोशाख घालायचा नाही. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं समुद्रापार. तो कायदा १७८२ पर्यंत टिकला. सैन्यात मात्र त्याच लोकांना तोच किल्ट घालून साम्राज्यासाठी लढायला लावलं. आपल्याकडेही त्या पलटणी आल्या. अजिंठ्याचा घाट चढून थोडं पलीकडे गेलं की असई लागतं. तिथे १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईत वेलस्लीच्या बाजूला ७४ आणि ७८ नंबरच्या हायलँडर पलटणी होत्या. पुढे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडच्या शिपायांनी किल्टवाल्या गोऱ्यांना एक झकास नाव ठेवलं: 'घागरा पलटण'.

हे नाव मी मजल्यावर सांगितलं त्या दिवसापासून आमच्या विंगचं नाव घागरा पलटण पडलं ते पडलंच. मेसचे मामासुद्धा आता "पलटणीचे डबे किती?" असं विचारतात.

पण मला तेव्हापासून एक गोष्ट खटकत राहिली. तेच नाव आपण आपल्याला ठेवलं तर मजा, आणि दुसऱ्याने ठेवलं तर टोचतं. असं का?

माझा रूम पार्टनर सोलापूरचा. घरी तेलुगू बोलतात, पिढ्यान्पिढ्या माग चालवणारं घराणं, मराठी आपल्यापेक्षा शुद्ध. आमच्या रूमवर लुंगी आणली ती त्याने. गाठ मारायची नाही, गुंडाळी कशी करायची, चालताना एक टोक दोन बोटांत कसं धरायचं, हे सगळं शिक्षण त्याचं. 'सिलिंडर' हा शब्दही त्याचाच. एकदा गॅदरिंगच्या तयारीत कोणीतरी मुंबईकडचा पाहुणा पोरगा आला होता. त्याने याला लुंगीत पाहिलं आणि मोठ्याने ती जुनी घोषणा दिली, लुंगी हटवायची आणि पुंगी वाजवायची. सगळे हसले. पार्टनरही हसला. रात्री मात्र तो पँट घालूनच झोपला. उकाड्यात, पंखा नसताना.

ती घोषणा साठच्या दशकाच्या अखेरीची, मुंबईतली. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली, आणि दक्षिणेकडून आलेल्या कारकुनांवर, उडप्यांवर तिचा रोख होता. घोषणा दिलेल्या पोराच्या बापाचाही तेव्हा जन्म झालेला नसणार. त्याला ते फक्त यमक वाटत होतं. पार्टनरने दुसऱ्या दिवशी एवढंच सांगितलं, "तू सिलिंडर म्हण, घागरा म्हण, काय म्हणायचं ते म्हण. ते म्हणताना तू स्वतः लुंगीत असतोस ना." मला याच्यापेक्षा चांगली व्याख्या अजून सापडलेली नाही. आमच्या विंगेत मालेगावचाही एक जण आहे, तो तिला 'तहमद' म्हणतो. त्याच्या घरी पॉवरलूमच्या खडखडाटात तीन पिढ्या तहमद नेसूनच उभ्या आहेत. आपल्याकडे काहींना लुंगी मद्राशाची वाटते, काहींना मुसलमानाची, आणि 'चेन्नई एक्स्प्रेस' आला तेव्हापासून, म्हणजे २०१३ पासून, काहींना ती नाचायची वस्तू वाटते. कापड तेच. दोन मीटर.

आता धोतराकडे येतो, कारण मूळ दुखणं तिथे आहे.

माझे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, पारोळा तालुक्यातले. घरात अहिराणी. वय ऐंशीच्या पुढे. मी जन्मल्यापासून त्यांना धोतर, पांढरा सदरा आणि टोपीत पाहतोय. बारावीनंतर ॲडमिशनच्या धावपळीत एका दाखल्यासाठी आम्ही दोघं एका कचेरीत रांगेत उभे होतो. आबा जरा बाजूला, सावलीला सरकले. खिडकीतून आवाज आला, "ओ धोतर, लायनीत या!" माझ्या कानशिलात कळ गेली. मी काही बोलणार तेवढ्यात आबांनी माझा दंड धरला आणि शांतपणे लायनीत येऊन उभे राहिले. एस.टी.त बसल्यावर मी अजून धुमसत होतो. आबा म्हणाले, "तो धोतर बोलना, मंग खोटं काय बोलना?"

मी गप्प बसलो. पण पुढच्या वेळी आबा मला भेटायला होस्टेलवर आले ते पायजमा घालून. नवा कोरा, शिवून घेतलेला. मला म्हणाले, गाडीत चढाय-उतरायला बरं पडतं. ऐंशी वर्षं त्यांना चढाय-उतरायला काही अडलं नव्हतं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसलो. धोतराचे शब्द लिहून घ्यायला. इंजिनिअरिंगचा पोरगा जर्नलमध्ये हे काय लिहितोय म्हणून घरचे हसले, पण आबा खुलले. धोतर दोनचं मिळतं, त्याला धोतरजोडी म्हणायचं. पुढच्या चुण्या त्या निऱ्या. पायांमधून मागे नेऊन खोचतात तो काचा, किंवा कासोटा. पुढे लोंबतं ते टोक म्हणजे सोगा, आणि बाजारात जाताना सोगा हातात धरून चालणारा माणूस म्हणजे ऐटबाज. दोन्ही पाय वेगवेगळे झाकले जातील असं नेसलं की दुटांगी. छोटं, अंगाखांद्यावर टाकायचं आणि वेळेला नेसायचंही, तो पंचा. पूजेला सोवळं, ते रेशमी असलं तर कद, जाडंभरडं असलं तर मुकटा. हे शेवटचे दोन ब्राह्मणांकडचे, आपल्याकडे नव्हते, असंही त्यांनी स्वच्छ सांगितलं. शेतात निघताना सोगा वर खोचला की झाली आमची 'हाफ वेव्ह'. म्हणजे शोध आमचा नव्हता तर.

सगळ्यात गंमत वाटली ती क्रियापदाची. आबा पँट 'घालतात', टोपीही 'घालतात', फेटा 'बांधतात', उपरणं 'पांघरतात', पण धोतर 'नेसतात'. काढताना पँट काढायची, धोतर 'सोडायचं' किंवा 'फेडायचं'. जे शिवलेलं असतं त्यात आपण शिरतो, ते घालणं. जे शिवलेलं नसतं त्याला आपण अंगावर आकार देतो, ते नेसणं. दर्जी नाही, रोज सकाळी आपणच दर्जी. आमच्या वर्गातल्या मुली आता "ट्रॅडिशनल डेला साडी घातली" असं सर्रास म्हणतात. व्याकरणाच्या दृष्टीने त्यांचंही बरोबरच आहे म्हणा, कारण निम्म्या साड्या आता पिना टोचून, चेन लावून तयारच मिळतात. नेसायचं काही उरतच नाही, घालावीच लागते.

आणि भाषेत हे कापड कुठे कुठे अडकून बसलंय बघा. लहानपणापासूनचा दोस्त तो लंगोटीयार. चारित्र्याचा पक्का तो कासोट्याचा घट्ट. कामाला लागायचं तर कंबर कसायची. आणि लाज सोडलेल्या माणसाने कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळलेलं असतं. हे शेवटचं वाक्य लुंगीवाल्यालाच खरं समजतं, कारण पावसात मेसला पळताना आमच्यापैकी काहींनी ते अक्षरशः केलेलं आहे. (आत हाफ पँट होती. रेक्टर सरांनी नोंद घ्यावी.)

पंच्यावरून आबा एकदम फैजपूरला पोहोचले. ते स्वतः तेव्हा जन्मलेले नव्हते, पण त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा शहर सोडून खेड्यात भरलं, ते आपल्या फैजपूरला. अध्यक्ष नेहरू. गांधीजी आले ते पंचा नेसून. तो पंचा त्यांनी २२ सप्टेंबर १९२१ ला मदुराईत स्वीकारला होता. पुरतं धोतर ज्याला परवडत नाही त्याच्याइतकंच कापड आपणही वापरायचं म्हणून. चर्चिलने १९३१ मध्ये त्यांना अर्धनागडा फकीर म्हणून हिणवलं. म्हणजे तिथेही "ओ धोतर" म्हणणारा होताच, फक्त खिडकी मोठी होती. फैजपूरच्या अधिवेशनासाठी साने गुरुजी गावोगाव राबले. त्याआधी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती गुरुजींनीच उतरवून घेतली. विनोबाही पंच्यातलेच. खानदेशात एकेकाळी हा पोशाख मोठ्यांतल्या मोठ्यांचा होता, आणि तो विणला जाईल एवढा कापूस आणि गिरण्या इथेच होत्या. आबांच्या तोंडून अजून अमळनेरच्या प्रताप मिलचं कापड सुटत नाही.

आता नेमकं काय झालं ते सांगतो. यंदाच्या ट्रॅडिशनल डेला आमच्या वर्गातल्या बावीस जणांनी धोतर भाड्याने आणलं. रेडीमेड. कमरेला इलॅस्टिक, बाजूला चेन, निऱ्या शिवलेल्या, कासोटा शिवलेला, वर मोबाईलसाठी खिसा. दोन पाय घातले की झालं. फोटो झकास आले. स्टेजवर पोरं फेटे उडवत नाचली. गॅदरिंग पाहायला आबांना मी मुद्दाम बोलावलं होतं. आबा आले, पायजमा घालून. पहिल्या दहा रांगांमध्ये बावीस धोतरं होती आणि आयुष्यभर धोतर नेसलेला एकमेव माणूस शिवलेल्या पायजम्यात बसला होता.

मी तेवढा एकटा नेसून गेलो होतो. आबांचंच जुनं, धुऊन मऊ झालेलं. एक तास आरशासमोर गेला. पार्टनरने मागून कासोटा खोचून दिला. लुंगीवाल्याचा हात धोतरातही चालतो. आबांनी मला लांबूनच पाहिलं, जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर माझ्या निऱ्या उपसून पुन्हा घातल्या. दोन बोटांच्या मापाने, भराभरा. भोवती पोरं जमली. एकाने मोबाईलवर शूटिंग केलं. दुसऱ्याने विचारलं, "आबा, मले बी शिकवा ना भो." मग रेडीमेडवाले रांगेत. कार्यक्रम वर चालू, आणि खाली आबांची प्रॅक्टिकलची बॅच.

यानंतर लगेच होस्टेलवर नोटीस लागली, की मेसमध्ये आणि आवारात लुंगी अथवा तत्सम पोशाखात वावरू नये. पलटण खवळली. शिष्टमंडळ रेक्टर सरांकडे गेलं, आणि मी तमिळनाडूचं उदाहरण तयार ठेवलं. तिथे जुलै २०१४ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी नेसली म्हणून चेन्नईतल्या एका क्लबात आत घेतलं नाही. मोठा गदारोळ झाला आणि त्याच वर्षी विधानसभेने कायदा केला, की कुठल्याही क्लबने, सभागृहाने वेष्टीसारख्या पारंपरिक पोशाखाला अडवायचं नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, तो कायदा तमिळनाडूत लागू, आणि वेष्टी म्हणजे पांढरी स्वच्छ, तुमच्या त्या चट्ट्यापट्ट्याच्या वर्षभर न धुतलेल्या नव्हेत. मुद्दा बिनतोड होता. शेवटी तडजोड झाली. प्लिंथ लेव्हलला परवानगी, लिंटेलला बंदी, आणि मेसमध्ये लुंगी धुतलेली पाहिजे. जाता जाता सर हळूच म्हणाले की घरी ते स्वतःही लुंगीतच असतात. हे मी छापणार आहे असं त्यांना सांगितलंय.

परवा आबांना फोनवर किल्टची सगळी गोष्ट सांगितली. सोळा हात, लोकरीचं, चुण्या मागे, त्याला रणगाडा म्हणतात, आणि इंग्रजाने छत्तीस वर्षं बंदी घातली तरी पुन्हा घातलाच. आबांनी सगळं ऐकलं. लोकरीचं म्हटल्यावर थांबवलं.

"इतली थंडी पडस का तठे?"

हो म्हटलं, बर्फ पडतं.

बराच वेळ विचार केला त्यांनी. मग म्हणाले, "निऱ्या मांगे शेतस... मंग त्या सायकलवर कशा बसतस?"

हे मला अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही. कोणाला माहीत असेल तर दुसरा मजला, डावीकडची विंग. येताना लुंगीत या.